इराण्याचे दुकान

मफस्सलातून मुंबईस प्रथमच आलेल्या माणसाची खरी पंचाईत अन्नावाचून होत नाही. ती होते घटकाभर टेकावयास जागा नसल्यामुळे. हातातली पिशवी पायाशी ठेवून, कोणाची ओळखदेख नसताना, एका चहाच्या मोलात शांतपणे बसता यावे आणि कोणी जातकुळी पुसू नये, अशी जागा या शहरात मला प्रथम मिळाली ती इराण्याच्या दुकानात. आणि त्या ऋणाची जाणीव ठेवूनच मी हे लिहीत आहे.

हे इराणी म्हणजे बहुतांशी यझ्द आणि किरमान या प्रांतांतले जरथुष्ट्री. मायदेशी त्यांच्यावर जिझियाचा भार होता; तो उठावा म्हणून मुंबईच्या पारशी समाजाने 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना इराणात पाठविले, आणि त्यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 साली शहाच्या फर्मानाने तो कर रद्द झाला. तथापि दारिद्र्य फर्मानाने हटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही माणसे मुंबईस येत राहिली आणि चहापावाच्या धंद्यात स्थिरावली. कोपऱ्यावरचा गाळा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून तो इराण्याच्या वाट्यास आला, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणाऱ्या त्या दारांमुळे दुकानात भरपूर उजेड आला आणि वाटसरूला ते लांबूनच दिसू लागले. धोबीतलावावरचे कयानी 1904 चे, ग्रँट रोड स्थानकाजवळचे मेरवान 1914 चे, बॅलार्ड इस्टेटीतले ब्रिटानिया 1923 चे; आणि पुण्यात डेक्कनवरचे गुडलक 1935 चे.

आत शिरावे तो संगमरवरी माथ्याची मेजे, वाफेवर वाकविलेल्या लाकडाच्या काळसर खुर्च्या, भिंतीवर आरसे, बरण्यांतून खारी आणि नानखटाई, आणि गल्ल्यावर स्वतः मालक. ‘एक ब्रून मस्का, एक पानीकम’ अशी हाळी जाते. ब्रून हा पावाचाच भाऊबंद, पण कवच असे कडक की सुरी प्रथम कुरकुरते आणि मग एकाएकी आतल्या मऊ गरात उतरते. त्याचे काप करून मस्का अगदी कडेपर्यंत फासलेला असतो. तो काप कोरडा खाऊ नये. दाट, गोड, कमी पाण्याच्या चहात बुडवावा, क्षणभर धरावा, आणि चहावर लोण्याची सोनेरी वर्तुळे तरंगू लागली की कवच नरम पडून गळण्यापूर्वीच तोंडात घालावा. हा क्षण नेमका साधणे ही एक विद्याच आहे, आणि ती शेजारच्या मेजावरच्या माणसाकडे पाहूनच शिकता येते. मी तशीच शिकलो.

ब्रिटानियातल्या बेरी पुलावावर इराणी झरेश्काची आंबटगोड लाल फळे पेरलेली असतात; तो भरल्या पोटी मागविण्याचा पदार्थ नव्हे.

भिंतींवर मनाईचे फलक पुष्कळ असत. निसिम इझिकेल यांनी अशा एका दुकानातल्या सूचनांची कविताच केली. परंतु माझा अनुभव असा की फलकावरचा दंडक आणि दुकानातला दस्तूर यांत मोठे अंतर होते. ज्या काळी खानावळीही ज्ञातीज्ञातींत वाटलेल्या होत्या, त्या काळी एकाच मेजावर गिरणीतला जॉबर, कचेरीतला कारकून, बेकार पदवीधर आणि परगावचा मी असे एकत्र बसत होतो. गल्ल्यावरचा इराणी फक्त पैसे मोजून घेई. परगावच्या माणसाला एवढी निरपेक्षता फार मोठी वाटते.

आता भाडेकराराचे तंटे आणि दुसऱ्या व्यवसायांकडे वळलेली पुढची पिढी यांमुळे ही दुकाने एकामागून एक मिटत आहेत. मुंबईस गेलो की मी अजूनही ग्रँट रोडला सकाळी लवकर उतरतो, कारण मेरवानचा मावा केक उशिरा येणाऱ्याला मिळेलच असे नाही. चार तिथे खातो, सहा बांधून घेतो; आणि परतीच्या गाडीत कर्जत येईपर्यंत पुडक्याच्या कागदावर तुपाचे डाग उमटलेले असतात.