लॅपटॉपचा हॉटस्पॉट : जोडणीतील दोष कसा शोधावा

पुष्कळ प्राथमिक शाळांत इंटरनेटची जोडणी एकच असते व ती एका लॅपटॉपपर्यंतच येऊन थांबते. वर्गातील टॅबलेटांनाही तिचा लाभ मिळावा म्हणून लॅपटॉपचा बिनतारी हॉटस्पॉट चालू करण्याची सोय फार उपयुक्त आहे. परंतु पाठाच्या ऐन वेळी एखादा टॅबलेट जोडलाच जात नाही, किंवा जोडला गेला तरी त्यावर काही उघडत नाही, असा अनुभव वारंवार येतो. मग घाईने दोन-चार बटणे दाबून पाहावयाची आणि काही साधले नाही की ‘यंत्र बिघडले’ असे म्हणून ते कपाटात बंद करावयाचे, असा क्रम पडतो. यात त्या दिवसाची तासिका तर जातेच. परंतु पुढील वेळी ते साधन बाहेर काढण्याचा उत्साहही मावळतो. वास्तविक यांतील पुष्कळशा अडचणी यंत्राच्या बिघाडाच्या नसून मांडणीच्या असतात, आणि त्या शिक्षकास स्वतः दूर करता येण्याजोग्या असतात.

तीन दुवे

हॉटस्पॉट चालू केला म्हणजे लॅपटॉप एका बाजूने इंटरनेट घेतो आणि दुसऱ्या बाजूने स्वतःच एक लहानसे वायफाय केंद्र बनून ते इतरांस वाटतो. गावच्या पाणीपुरवठ्याचे उदाहरण येथे घेता येईल. विहिरीचे पाणी टाकीत चढते, टाकीतून नळास येते. नळ कोरडा असला म्हणजे दोष नळातच असतो असे नाही. टाकी रिकामी असेल, अथवा विहिरीवरचा पंपच बंद असेल. त्याचप्रमाणे येथेही तीन दुवे आहेत : बाहेरून लॅपटॉपपर्यंत, लॅपटॉपच्या अंतर्गत, आणि लॅपटॉपपासून टॅबलेटपर्यंत. दोष कोणत्या दुव्यात आहे हे प्रथम ठरवावे व नंतरच उपाय करावा. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहावा. एकदम चार बदल केल्यास जोडणी सुरू झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही, आणि पुढील खेपेस तोच गोंधळ पुन्हा होतो.

पहिला दुवा : बाहेरून लॅपटॉपपर्यंत

प्रथम खुद्द लॅपटॉपवर, त्या दिवशी पूर्वी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले नाही तर हॉटस्पॉटला हात लावण्याचे कारण नाही. केबल नीट बसली आहे काय, विमान मोड चुकून चालू झाला आहे काय, मोबाईलचा डेटा शिल्लक आहे काय, हे पाहावे.

लॅपटॉपला इंटरनेट मोबाईलवरून मिळत असल्यास ते वायफायऐवजी यूएसबी केबलने घेणे अधिक चांगले. वायफायने घेतल्यास लॅपटॉपमधील त्याच एका बिनतारी भागाला घेण्याचे व वाटण्याचे अशी दोन्ही कामे आळीपाळीने करावी लागतात आणि वेग मंदावतो. केबलने घेतल्यास तो भाग केवळ वाटण्यास मोकळा राहतो.

दुसरा दुवा : लॅपटॉपच्या अंतर्गत

विंडोज १० च्या २०१६ मधील सुधारित आवृत्तीपासून, व पुढे विंडोज ११ मध्येही, ही सोय ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ या विभागात ‘मोबाईल हॉटस्पॉट’ या नावाने आहे. तेथे पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) कोणती जोडणी वाटावयाची, हे तेथे निवडावे लागते. इंटरनेट केबलने येत असता निवड वायफायची राहिली, तर टॅबलेट जोडले जातात, पण त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

(२) कोणीही जोडलेले नसल्यास पाच मिनिटांनी हॉटस्पॉट आपोआप बंद करण्याची वीजबचतीची योजना तेथे असते. शिक्षकाने पाठापूर्वी हॉटस्पॉट चालू करावा, प्रस्तावना करावी, आणि टॅबलेट हाती देईपर्यंत तो बंद झालेला असावा, असे यामुळे घडते. वर्गाच्या वेळी ही योजना बंद ठेवावी. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर तो निद्रावस्थेत जात असेल तर हॉटस्पॉटही थांबतो, हेही ध्यानात ठेवावे.

(३) हॉटस्पॉट चालू करताच तो उभारता येत नसल्याचा संदेश आला, तर वायफाय एकदा बंद करून पुन्हा चालू करावे. तेवढ्याने न भागल्यास लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. त्यानेही काम झाले नाही, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये जाऊन वायफायचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. व्हीपीएन चालू असल्यास ते तात्पुरते बंद करून पाहावे. ‘नेटवर्क रीसेट’ हा अखेरचा उपाय होय. त्याने साठविलेले सर्व वायफाय पासवर्ड पुसले जातात. यास्तव ते आधी लिहून ठेवावेत.

तिसरा दुवा : लॅपटॉपपासून टॅबलेटपर्यंत

येथे लक्षणांवरून कारण ओळखता येते.

हॉटस्पॉटचे नावच टॅबलेटवर दिसत नाही. वायफायच्या लहरी प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालतात. जुने व स्वस्त टॅबलेट कित्येकदा केवळ २.४ चा पट्टा ओळखतात. लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर वाटत असेल तर अशा टॅबलेटास त्याचे अस्तित्वच कळत नाही. हॉटस्पॉटच्या मांडणीत ‘नेटवर्क बँड’ २.४ करावा. शिवाय २.४ च्या लहरी भिंतीपलीकडे अधिक पोहोचतात. ५ च्या पट्ट्याचा वेग अधिक, पण पल्ला कमी.

नाव दिसते, पण पासवर्ड स्वीकारला जात नाही. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात, हे मुलांस सांगावे. पासवर्ड नुकताच बदलला असल्यास टॅबलेट जुनाच पुढे करीत राहतो. तेथे ते नाव ‘फरगेट’ करून नव्याने जोडावे.

काही टॅबलेट जोडले जातात, पुढचे जात नाहीत. विंडोजच्या या हॉटस्पॉटला एका वेळी आठच उपकरणे जोडता येतात. किती जोडली आहेत हे त्याच पानावर दिसते. शिक्षकांचे स्वतःचे मोबाईल त्यांत जागा अडवून बसले नाहीत ना, हे पाहावे. चोवीस मुलांच्या वर्गात तिघांस एक टॅबलेट दिल्यास आठांत काम भागते.

टॅबलेट आयपी पत्ता मिळविण्याच्या पायरीवरच अडून राहतो. प्रत्येक टॅबलेटास लॅपटॉप एक पत्ता नेमून देतो. तो सामान्यतः १९२.१६८.१३७ या आकड्यांनी सुरू होतो. जोडलेल्या उपकरणावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास लॅपटॉपकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा चालू करावा; दोष टिकून राहिल्यास बाहेरून बसविलेली सुरक्षा-प्रणाली आड येत आहे काय ते तपासावे.

जोडणी आहे, पण संकेतस्थळ उघडत नाही. लॅपटॉपवर ते उघडत असेल तर टॅबलेटचा दिनांक व वेळ पाहावी. बरेच दिवस बंद राहिलेल्या टॅबलेटाचा दिनांक मागे पडलेला असतो, आणि त्यामुळे सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार मिळतो.

जोडणी आहे, पण अतिमंद आहे. लॅपटॉप लोखंडी कपाटाजवळ वा कोपऱ्यात न ठेवता वर्गाच्या मध्यभागी, उंच टेबलावर ठेवावा. धातू लहरींना अडवितो, माणसांची दाटीही त्यांना क्षीण करते. आठ टॅबलेटांवर एकच चित्रफीत आठ वेळा ओढण्यापेक्षा ती आदल्या दिवशी उतरवून ठेवावी. ‘दीक्षा’वरील पुष्कळसे पाठ्यसाहित्य असे उतरवून घेता येते.

दक्षता व नोंद

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. तो फळ्यावर लिहू नये व सत्रातून एकदा तरी बदलावा. त्याच लॅपटॉपवर विद्यार्थ्यांची माहिती असते, याचा विसर पडू नये.

शाळेत यासाठी एक लहान नोंदवही ठेवावी. तीत दिनांक, लक्षण, केलेला उपाय व परिणाम असे चार रकाने असावेत. बदली होऊन येणाऱ्या शिक्षकास ती वही फार उपयोगी पडेल. वरच्या वर्गातील मुलांनाही या शोधकार्यात सहभागी करून घ्यावे. लक्षण पाहणे, कारणाचा तर्क करणे, एक बदल करून तो पडताळणे, ही विज्ञानाचीच पद्धती होय. अडलेल्या टॅबलेटाच्या निमित्ताने मुलांना ती प्रत्यक्ष हाताळावयास मिळते. अशा रीतीने त्या दिवशीचा नेमलेला पाठ राहिला, तरी ती तासिका फुकट गेली असे म्हणता येणार नाही.