तारकेश्वर हत्या खटला : सहानुभूती मारेकऱ्याला

बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या कुमरुल या गावी २७ मे १८७३ रोजी नवीनचंद्र बॅनर्जी याने आपली सोळा वर्षांची पत्नी एलोकेशी हिची मासे कापण्याच्या विळीने हत्या केली. तो कोलकात्यातील छापखान्यात नोकरीस होता. तारकेश्वर मंदिराचा महंत माधवचंद्र गिरी याच्याशी तिचे संबंध असल्याचे गावी परतल्यावर त्याच्या कानी आले होते.

वेडाच्या भरात हे कृत्य घडल्याचे मानून ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना हा कौल अमान्य झाल्याने प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. तेथे नवीनचंद्रला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. महंताला व्यभिचाराबद्दल तीन वर्षे सक्तमजुरी व दोन हजार रुपये दंड झाला.

कालीघाटची पटचित्रे आणि बंगाली नाटके यांतून हे प्रकरण घरोघरी पोहोचले. नवीनचंद्रच्या सुटकेसाठी हजारो लोकांनी सरकारकडे अर्ज केले व १८७५ मध्ये त्याची मुक्तता झाली.

महंताला शिक्षा झाली, तीही पतीच्या हक्कावर घाला घातल्याबद्दल. कारण तत्कालीन दंडसंहितेनुसार व्यभिचार हा पतीविरुद्धचा अपराध होता. पत्नीला पतीची मालमत्ता मानणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, ती २०१८ मध्ये. एलोकेशीच्या मृत्यूनंतर १४५ वर्षांनी.