लेखांक 6 : जारचे पाणी कुणाच्या अखत्यारीत?

मागच्या लेखांकात भूजलाच्या कायद्याचा विचार केला. तेच भूजल बोअरमधून उपसून, आरओ यंत्रातून काढून 20 लिटरच्या जारमध्ये भरले, की त्याला कुणी वालीच उरत नाही. सीलबंद बाटलीतल्या पाण्याचे तसे नाही. ते 2006च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येते, त्याला परवाना लागतो, आणि नोव्हेंबर 2024 पासून त्याची गणना जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांत होते. पण लग्नकार्यात, दुकानात, कचेरीत पोचणाऱ्या थंड पाण्याच्या जारला सील नसते, झाकण नुसते दाबून बसवलेले असते. ते पॅकबंद नाही म्हणून अन्न व औषध प्रशासन हात झटकते, आणि खाद्यपदार्थांचे परवाने आता आमच्याकडे नाहीत म्हणून महापालिका. हा पेच स्थानिक संस्थेनेच सोडवला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यात जानेवारी 2025 मध्ये काय घडले ते पाहा. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढू लागले आणि रुग्णसंख्या पुढे 200च्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. महापालिकेने पाण्याचे स्रोत तपासायला घेतले, तेव्हा खासगी आरओ केंद्रांच्या पाण्यातही जंतू आढळले आणि अनेक केंद्रांना टाळे लागले. साथीचे मूळ या केंद्रांतच होते असा माझा दावा नाही. विहिरीच्या पाण्यावरही संशय होताच. मुद्दा असा, की ही तपासणी माणसे आजारी पडल्यावर झाली. ही गावे महापालिकेत आली ती अलीकडे, नळयोजना अपुरी, आणि ती उणीव जारवाल्यांनी भरून काढली होती.

आरओ म्हणजे शुद्ध, ही समजूत अर्धीच खरी आहे. यंत्रातल्या पातळ पडद्याला क्लोरिन सोसत नाही, म्हणून पाणी आधी कार्बनच्या थरातून जाते आणि असलेले क्लोरिन तिथेच निघून जाते. पडद्यातून बाहेर पडलेले पाणी त्या क्षणी स्वच्छ असते, पण त्याला पुढचे संरक्षण काहीच नसते. अतिनील दिवा त्याच्यासमोरून जाणारे जंतू मारतो, नंतर शिरणारे नाही. मग ते साठवणटाकीत पडते, नळीने जारमध्ये येते, आणि तो जार आदल्या दिवशी कुणाच्या तरी दारातून परत आलेला, घाईने विसळलेला असतो. ग्राहकाला टीडीएस मीटरवरचा आकडा दाखवला जातो. तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, जंतूंविषयी चकार शब्द नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय मुळीच आढळता कामा नये. ही कसोटी यंत्राच्या तोंडाशी लावून उपयोग नाही. भरलेल्या जारच्या पाण्याला लावली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो परवान्याबरोबर येणाऱ्या चिरीमिरीचा. भीती रास्त आहे. म्हणूनच नमुना पालिकेच्या माणसाने घ्यावा, तपासणी शासनाच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत व्हावी, आणि ताज्या अहवालाची प्रत केंद्राच्या दारावर लागावी. गिऱ्हाईक रोज वाचेल असा कागद दाबून ठेवणे कठीण असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जी पालिका स्वतः पुरेसे पाणी देत नाही, तिने दुसऱ्याच्या पाण्याला टाळे कोणत्या तोंडाने लावावे? टाळे लावून तहान भागत नाही, हे मान्य. पण नियमन म्हणजे टाळे नव्हे. दोषी केंद्राला टाकी धुऊन, क्लोरिनची मात्रा देऊन फेरतपासणीची मुदत देता येते, आणि तोवर त्या वस्तीत टँकर पाठवणे पालिकेचे कामच आहे. खेड्यात तर पाच रुपयांत पाणी देणारे एटीएम बहुधा ग्रामपंचायतीनेच बसवलेले असते. तिथला जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून क्लोरिनची ओटी चाचणी घेतो, त्याच फेरीत एटीएमच्या नळाचा नमुना घ्यायला त्याला कितीसा वेळ लागेल?

कायदाच नाही, ही सबबही पुरती टिकत नाही. जीविताला किंवा आरोग्याला धोका ठरू शकणाऱ्या व्यवसायांना परवाना सक्तीचा करण्याची तरतूद 1949च्या महापालिका अधिनियमाच्या कलम 376 मध्ये आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय नागरी संस्थांच्या यादीत आहेत. राज्य शासनाने सुट्या जारचे पाणी कोणत्या यंत्रणेकडे, हे एका आदेशाने लेखी ठरवले, तर उरलेली पळवाट बंद होते. हा आदेश पुढच्या उन्हाळ्याआधी निघायला हवा, कारण जारची मागणी सर्वाधिक वाढते ती तेव्हाच.