पिल्लाची उडी वेळीच आवरूया

आपल्या गुंजी भागात बऱ्याच घरी राखणीला कुत्रा असतो. पिल्लू अंगावर उडी मारतं, तेव्हा आपण त्याचं कौतुकच करतो. पण वर्षभरात ते मोठं होतं. मुधोळ जातीचा नर तर खांद्यापाशी सुमारे ७० सेंटिमीटर उंच भरतो. त्याच्या उडीने म्हातारं माणूस अंगणात पडू शकतं.

पिल्लं मोठ्या कुत्र्यांचं तोंड चाटून स्वागत करतात. आपलं तोंड उंचावर, म्हणून ती उडी मारतात. आपण ओरडलो किंवा ढकललं, तर त्यांना तो खेळच वाटतो. त्यापेक्षा गप्प उभं राहून पाठ फिरवावी. चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच वाकून थोपटावं, भाकरीचा तुकडा द्यावा. पुढे ‘बस’ म्हटल्यावर बसायला शिकवावं. मारू मात्र नये. मार खाल्लेलं पिल्लू माणसाला भिऊन चावरं होऊ शकतं.

खरी अडचण आपलीच असते. चौघांनी पाठ फिरवली आणि पाचव्याने “असू दे, लहान आहे” म्हणत कुरवाळलं, की शिकवलेलं वाया जातं. म्हणून घरात सगळ्यांचा नियम एकच हवा. माउलीच्या जत्रेला पाहुणे येतात, तेव्हा पिल्लू दोरीला बांधावं आणि पाहुण्यांनाही नियम सांगावा.

रेबीजची लस वेळेवर द्यावी. नख किंवा दात लागून खरचटलं, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जावं.