रोल-प्लेवर पीएचडी करायचीय? मग आधी मोजणार काय ते ठरवा

पेट निघाली की पहिला प्रश्न विषयाचा येतो. शिक्षणशास्त्रात किंवा इंग्रजीत संशोधन करू पाहणाऱ्यांच्या वहीत एक विषय हमखास सापडतो : 'वाशिम जिल्ह्यातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या इंग्रजी संभाषण कौशल्यावर भूमिकाभिनय पद्धतीच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. हल्ली त्याला 'व्हिडिओ प्रकल्प' किंवा 'पॉडकास्ट' असं शेपूट जोडलेलं असतं. जिल्हा बदला, इयत्ता बदला, नवा विषय तयार. यात हसण्यासारखं काही नाही, विषय गरजेचाच आहे. घोळ पुढे होतो. आराखड्यात एक तुकडी प्रायोगिक, एक नियंत्रित, पूर्वचाचणी, वीस तासिका, उत्तरचाचणी, टी-चाचणी, की शून्य परिकल्पनेचा त्याग. निष्कर्ष : पद्धत परिणामकारक आहे. तो जवळपास नेहमी असाच येतो, आणि तिथेच थोडा संशय घ्यायला हवा.

आधी गरज का, ते बघू. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आजच्या आठवीतल्या मुलानं सात वर्षं इंग्रजीची तासिका बघितलेली असते. 'असर' अहवालात 2022 साली देशभरातल्या ग्रामीण भागातल्या मुलांचं इंग्रजी वाचन तपासलं, तेव्हा आठवीतल्या 46.7 टक्के मुलांना साधी वाक्यं वाचता आली. 2016 मध्ये हा आकडा 45.3 होता. सहा वर्षांत जेमतेम दीड टक्का. आणि हे झालं वाचनाचं. बोलण्याची तपासणी त्यात नाहीच.

वाशिममध्ये त्यावर आणखी एक थर आहे. जिल्हा 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झाला, सहा तालुके, 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 97 हजार, त्यातले पाचातले चार जण खेड्यात. घरात वऱ्हाडी. 'मले समजलं नाही', 'तू काऊन आला नाहीस' असं बोलणारं पोरगं शाळेत प्रमाण मराठी शिकतं. मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर घरची भाषा गोरबोली, मग वऱ्हाडी, मग पुस्तकी मराठी, हिंदी टीव्हीवरून, आणि या सगळ्यानंतर इंग्रजी. अशा मुलाला 'इंग्रजी दुसरी भाषा' असं प्रकरण पहिल्यात लिहून मोकळं होऊ नका. नमुन्यातल्या प्रत्येक मुलाची घरची भाषा विचारा, नोंदवा. एका रकान्याचं काम आहे, पण पुढे विश्लेषणात तोच रकाना कामाला येतो.

आता रोल-प्लेकडे. वर्गात जो रोल-प्ले बहुतेक वेळा होतो तो असा : फळ्यावर ग्राहक आणि दुकानदार यांचा संवाद लिहिलेला, दोन मुलं पुढे येतात, एक म्हणतो 'हाऊ मच इज धिस?', दुसरा म्हणतो 'इट इज ट्वेंटी रुपीज'. टाळ्या. यात पाठांतर झालं, उच्चार थोडा सुधारला, पुढे येऊन उभं राहायची भीती थोडी गेली. हे काही वाईट नाही. पण ग्राहकाला किंमत आधीच माहीत आहे, कारण ती फळ्यावर आहे! विचारण्याची गरजच नाही. भाषा वापरावी लागली नाही, ती फक्त म्हटली गेली. शिवाय मंगरूळपीरच्या बाजारात भाव कोण इंग्रजीत विचारतो? मुलंही हे जाणतात. पूर्णा-अकोला मार्गावरच्या गाडीत हैदराबादकडचा प्रवासी भेटला तर काय बोलशील, असं विचारा. पोरं सरळ सांगतात, हिंदीत बोलू ना सर.

म्हणून प्रसंग असा शोधावा लागतो जिथे इंग्रजी खरोखर समोर येतं, आणि जिथे एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही. एक उदाहरण घ्या. सोयाबीन-तुरीचा पट्टा, ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघरी फवारणी चालू. औषधाच्या डब्यावर बारीक अक्षरातलं इंग्रजी आणि एक रंगीत त्रिकोण असतो : लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तो डबा काय सांगतो हे या मुलांच्या घरात कामाचं आहे. आता रोल-प्ले असा : एका मुलीच्या हातात लेबलची झेरॉक्स, दुसरी 'कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केलेली' व्यक्ती. दुसरीला तीन गोष्टी काढायच्या आहेत : त्रिकोणाचा रंग, पाण्यातलं प्रमाण, आणि डोळ्यात उडालं तर काय करायचं. दोघी पाठीला पाठ लावून बसतात, खुणा बंद. (डबा आणू नका, झेरॉक्सच आणा. हे सांगायची गरज पडू नये, पण सांगतो.) संवाद लिहून दिलेला नाही. 'व्हॉट कलर?' एवढं म्हणूनही काम भागतं, पण विचारावं लागतं, उत्तर समजलं नाही तर पुन्हा विचारावं लागतं. हे 'पुन्हा विचारणं' लक्षात ठेवा, मोजायची गोष्ट ती आहे.

माहितीतल्या या दरीला भाषाशिक्षणात इन्फर्मेशन गॅप म्हणतात. ही संज्ञा वापरली की आपल्याच देशातला एक जुना प्रकल्प वाचायलाच हवा. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी-अनुदानित शाळांत एक प्रयोग चालवला. जगभर तो 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. कल्पना अशी की व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवायचा आणि मुलांना फक्त कामं द्यायची : वेळापत्रक वाचून प्रवास ठरवा, नकाशावरून रस्ता सांगा. मुलाचं मन अर्थात गुंतलं की भाषेची रचना आपोआप बसत जाते, असा त्यांचा विश्वास. प्रभूंनी माहितीची दरी, तर्काची दरी आणि मताची दरी असे तीन प्रकार केले, आणि त्यातली तर्काची दरी त्यांना सर्वांत उपयोगी वाटली.

गंमत म्हणजे प्रभू गटकामाच्या बाजूचे नव्हते. मुलं आपापसात बोलली तर एकमेकांचं चुकीचं इंग्रजीच पक्कं करतील, ही त्यांची भीती. आपल्याकडचे कितीतरी आराखडे 'संबंधित साहित्या'त प्रभूंचं नाव रोल-प्लेच्या समर्थनासाठी देतात. मूळ पुस्तक उघडलं नाही की असं होतं. तुम्ही त्यांचा आक्षेप जसाच्या तसा मांडा आणि तुमचा अभ्यास त्याला काय उत्तर देतो ते लिहा. मार्गदर्शकाला तेच आवडेल.

पण आपल्या कामाचा खरा भाग आहे तो या प्रकल्पाच्या मूल्यमापनाचा. बेरेटा आणि डेव्हिस या दोघांनी केलेलं हे मूल्यमापन 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी एकच चाचणी घेतली नाही. एक चाचणी व्याकरण-रचनेची, म्हणजे जुन्या पद्धतीनं शिकलेल्यांना सोयीची. एक कामांवर आधारलेली, म्हणजे प्रकल्पातल्या मुलांना सोयीची. आणि तीन मधल्या, दोघांनाही सारख्याच : संदर्भातलं व्याकरण, श्रुतलेखन, आकलन. झालं काय? रचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुलं पुढे, कामांच्या चाचणीत प्रकल्पातली मुलं पुढे. ज्यानं जे शिकवलं ते त्याच्या मुलांना आलं. मधल्या चाचण्यांचा कल प्रकल्पाकडे दिसला, पण लेखकांनी दावा जपूनच केला.

आता आपल्या नेहमीच्या आराखड्याकडे परत या. वीस तासिका रोल-प्ले घेतला आणि उत्तरचाचणीतही रोल-प्लेच घेतला, तर प्रायोगिक गट पुढे जाणारच. ती परिणामकारकता नाही, सराव आहे. म्हणून माझ्या मते किमान तीन मापं हवीत : एक रोल-प्लेसारखं, एक शाळेच्या नेहमीच्या परीक्षेसारखं, आणि एक दोन्ही गटांना अनोळखी, जसं की चित्र बघून एका मिनिटात सांगणं. तिसऱ्यात फरक दिसला तर बोलायला काहीतरी आहे.

बेरेटांनी 1990 मध्ये आणखी एक लेख लिहिला, तो कमी वाचला जातो. प्रकल्पातल्या 15 शिक्षकांनी ही पद्धत खरंच कितपत आत्मसात केली, हे त्यांनी पाहिलं. शाळेतले नियमित शिक्षक बहुतेक पहिल्या पायरीवरच अडकलेले दिसले. पुढे गेले ते मुख्यतः प्रकल्पासाठी आलेले अनुभवी लोक. म्हणजे 'पद्धत चालली का' याच्या आधी 'पद्धत झाली का' हा प्रश्न येतो. तुमच्या अभ्यासात निरीक्षण वही ठेवा : तासात मुलं किती मिनिटं बोलली, शिक्षक किती, मराठी किती. आणि दोन्ही गटांना तुम्हीच शिकवणार असाल किंवा फक्त प्रायोगिक गटाला तुम्ही शिकवणार असाल, तर मोजला जातोय तुमचा उत्साह. गुण देणाऱ्याला तरी कोणतं रेकॉर्डिंग कोणत्या गटाचं ते कळू देऊ नका.

आता माध्यम प्रकल्प. शाळेची पाच मिनिटांची बातमीपत्रिका, गावच्या हवामानाचं बुलेटिन, आजीची मुलाखत आणि त्याला इंग्रजी सबटायटल. आराखड्यात हे रोल-प्लेसोबत एकाच 'चला'त कोंबलेलं असतं, आणि ते मला पटत नाही. दोन्हींचा स्वभाव उलटा आहे. रोल-प्लेमध्ये समोरचा काय बोलेल ते माहीत नसतं, उत्तर तिथल्या तिथे जुळवावं लागतं. व्हिडिओत मुलं लिहितात, खोडतात, सहा वेळा टेक घेतात, स्वतःचा आवाज ऐकून 'छ्या, पुन्हा' म्हणतात. पहिल्यात प्रसंगावधान वाढण्याची शक्यता, दुसऱ्यात नेमकेपणा आणि उच्चाराची. दोन्ही एकाच रुब्रिकनं मोजले तर दोन्हींवर अन्याय.

माध्यम प्रकल्पात संशोधकासाठी मोठा खजिना आहे, तो बहुतेक जण फेकून देतात : रद्द झालेले टेक. शेवटचा चकचकीत व्हिडिओ प्रबंधाच्या सीडीत जातो, बाकी डिलीट. मार्टिन बायगेट यांनी 1996 च्या एका अभ्यासात एका विद्यार्थिनीला टॉम अँड जेरीचा तुकडा दाखवून गोष्ट सांगायला लावली, तीन दिवसांनी तेच पुन्हा. एकच व्यक्ती, दोन रेकॉर्डिंग, आणि त्यातून तेच काम पुन्हा केल्यानं भाषा कशी बदलते यावर संशोधनाची एक आख्खी शाखा वाढली. तुमच्याकडे वाशिमच्या एका वर्गातले दहा गट आणि प्रत्येकी पाच टेक असतील. पहिल्या टेकमधलं 'ही गो टू फिल्ड' पाचव्यात 'ही गोज' झालं का? कुणी सुधारलं, शिक्षकानं की शेजारच्या मुलीनं? प्रभूंची भीती तपासण्याची ही सरळ जागा आहे. फोन एका गटाला एक पुरतो, आणि फाइलला तारीख-टेक क्रमांक देण्याची सवय मुलांनाच लावता येते.

परवानगीबद्दल एक-दोन वाक्यांत संपवू नका. ही मुलं 18 च्या आतली आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि पालकाची पडताळता येणारी संमती हा मूळ नियम आहे. मुख्याध्यापकांची सही म्हणजे पालकांची संमती नव्हे. संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत, वाचून दाखवलेलं. आणि मुलीला स्वतःला 'नको' म्हणता आलं पाहिजे. नववीतल्या मुलीचा अडखळत इंग्रजी बोलतानाचा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला तर काय होईल, हे तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. फक्त आवाज घ्या, किंवा बाहुल्या-मुखवटे वापरा. भाषेचं विश्लेषण त्यानं अडत नाही.

नमुन्याच्या आकड्याबद्दल. एका शाळेतली 30 मुलं आणि दुसऱ्या शाळेतली 30, म्हणून तुमचा नमुना 60, असं टी-चाचणीला वाटतं. पण शिकवण्याची पद्धत मुलाला नाही, वर्गाला दिली गेली. एका वर्गाची मुलं एकाच शिक्षकाखाली, एकाच वातावरणात असतात. त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. त्या अर्थानं तुमच्याकडे फक्त दोन एकक आहेत. उपाय दोन : जास्त वर्ग घ्या, सहा-आठ तरी, किंवा प्रयोगाचा हट्ट सोडून एका वर्गाचं खोल कृती संशोधन करा आणि शीर्षकात 'परिणामकारकता' लिहू नका. एकट्या संशोधकाला दुसराच मार्ग झेपतो, असं मला वाटतं. तो कमी दर्जाचा नाही.

शेवटी वेळापत्रक, कारण वाशिममध्ये ते पुस्तकातल्यासारखं चालत नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस भरतात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची सोंगणी, वर्ग अर्धे रिकामे. दिवाळीनंतर तांड्यांवरची काही कुटुंबं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात, मुलं सोबत. जुलैत पूर्वचाचणी आणि डिसेंबरात उत्तरचाचणी ठेवली, तर शेवटी उरतात ती मुलं, ज्यांच्या घरी शेत किंवा पगार आहे. सरासरी आपोआप वर जाते आणि श्रेय रोल-प्लेला मिळतं. म्हणून सगळं जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत बसवा. तरीही जी मुलं गळतील, त्यांचे पूर्वचाचणीचे गुण आणि घरची भाषा वेगळ्या तक्त्यात द्या, राहिलेल्यांच्या शेजारी.