विद्यापीठ मोठे आहे, विचारायला लाजू नका

यंदा बारावीचे पेपर आणि रमजानचे रोजे एकाच वेळी आले. सहरीसाठी एका घरात दिवा लागतो, तेव्हा पलीकडच्या खोलीत पुस्तक उघडून बसलेले पोर दिसते. शेजारच्या घरातही तसाच दिवा असतो. तिथे रोजा नसतो, पण पेपर तोच असतो. परीक्षा संपली की दोन्ही घरांत एकच प्रश्न निघणार आहे : आता पुढे कुठे?

पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठापाशी येऊन थांबते. प्रवेश कसा घ्यायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रवेशानंतर तिथे निभावायचे कसे, हे सांगणारे मात्र थोडे. गावच्या शाळेत सर मुलाला ओळखतात, त्याच्या वडिलांनाही ओळखतात. फी राहिली तर शिपाई घरी निरोप देतो. विद्यापीठात असे कुणी येत नाही. तिथे मदत भरपूर असते, पण ती विचारणाऱ्यालाच मिळते. नवीन मुलांनी ही एक गोष्ट गाठीशी बांधली, तरी अर्धी वाट सोपी होते.

विद्यापीठ की महाविद्यालय?

'मुलगा पुणे विद्यापीठात आहे' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात बारावीनंतरची बहुतेक मुले विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात. पदवीवर नाव विद्यापीठाचे असते, पण रोजचा वर्ग, शिक्षक, ग्रंथालय आणि फीची खिडकी महाविद्यालयाची असते. गणेशखिंडीतल्या चारशे एकरांहून मोठ्या आवारातले बहुतेक विभाग पदवीनंतरच्या अभ्यासक्रमांचे आहेत आणि त्यांतल्या अनेकांसाठी वेगळी प्रवेश परीक्षा असते.

हा फरक आधीच कळला तर पुढची धावपळ वाचते. हॉलतिकिटावरचे नाव चुकले, गुणपत्रिका आली नाही, परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला, तर आधी महाविद्यालयाच्या कार्यालयात जायचे असते. थेट गणेशखिंड गाठणारा मुलगा दिवस आणि एसटीचे भाडे घालवतो, आणि संध्याकाळी 'आधी कॉलेजमधून पत्र आणा' एवढेच ऐकून परततो.

कागद आधी, बॅग नंतर

निकाल लागला की सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. त्याआधीचे दोन महिने मोकळे असतात, पण ते कुणी वापरत नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी, शाळा सोडल्याचा दाखला, दुसऱ्या बोर्डाचा विद्यार्थी असेल तर मायग्रेशन, अशी यादी आत्ताच भिंतीवर लावावी आणि मिळालेल्या कागदापुढे खूण करत जावे.

सर्वांत जास्त अडचण येते ती नावाच्या स्पेलिंगची. 'शेख' इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. ज्ञानेश्वरचे स्पेलिंग कुणी 'डी'ने सुरू करतो, कुणी 'जे'ने. आधारवर एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे असले, की शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणे बरे. सुट्टीत हे काम होऊन जाते. सत्र सुरू झाल्यावर त्यासाठी गावी खेटे घालावे लागतात.

मुस्लिम घरांत आणखी एक घोळ असतो. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण शाळेच्या दाखल्यावर फक्त 'मुसलमान' लिहिलेले असते. जात पडताळणीसाठी ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेतल्या जुन्या रजिस्टरमध्ये किंवा महसुलाच्या जुन्या नोंदीत तो बऱ्याचदा सापडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला हाच महिना चांगला. इफ्तारीला सगळे एकत्र बसतात, चुलते-आत्या येतात आणि जुन्या गोष्टी निघतातच.

पैसे अर्ज करणाऱ्यालाच मिळतात

फीच्या धास्तीने हुशार मुलांचे शिक्षण सुटते, तेव्हा योजना नसतात असे नाही. अर्जाची तारीख गेलेली असते. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती व फी सवलत आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, जैन, शीख व पारशी विद्यार्थ्यांसाठी अल्पसंख्याक विभागाच्या योजना आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश फेरीतून जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. ही एकच माहिती वेळेवर पोहोचली तरी काही मुलींचे शिक्षण वाचेल.

खोलीभाड्याचेही तसेच. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा लाभ अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना होतो. अनुसूचित जातीच्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलतातही. म्हणून मागच्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याला आणि महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कला, दोघांनाही विचारावे.

पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. अर्जात जुने खाते लिहिले असले आणि आधार नंतर दुसऱ्या बँकेत जोडले गेले असले, तर पैसे त्या दुसऱ्या खात्यात जातात आणि मुलगा वर्षभर पहिल्या खात्याचे पासबुक भरून घेत बसतो. आधार कुठल्या खात्याला जोडले आहे, हे बँकेत जाऊन एकदा पाहून यावे.

शिकता शिकता चार पैसे मिळवण्याची सोयही विद्यापीठातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेत ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी ठरावीक तास काम करून मानधन मिळते. संलग्न महाविद्यालयांतही ती चालते. या कामात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

खोली, मेस आणि रोजा

वसतिगृह सर्वांना मिळत नाही. यादीत नाव येईल या भरवशावर राहू नये, दुसरी सोय हाताशी ठेवावी. बाहेर खोली घेताना अनामत किती, ती परत कधी, वीजबिल वेगळे की भाड्यात, हे लिहून घ्यावे. काही घरमालक आडनाव ऐकून नकार देतात आणि असा नकार वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांना ऐकावा लागतो. त्याने खचून जाऊ नये. त्याच विभागातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना खोल्यांची माहिती दलालापेक्षा जास्त असते.

मेसमध्ये सहरीच्या वेळी चूल पेटलेली नसते. रोजे धरणाऱ्या मुलाने महिना सुरू होण्याआधीच मेसवाल्यांशी बोलून ठेवावे. चार-पाच मुले मिळून गेली तर रात्रीचा डबा भरून मिळतो. नाहीतर खजूर, केळी, दूध, भिजवलेले चणे यांवरही सहरी होते. एकादशी आणि नवरात्राचे उपवास करणाऱ्या मुलांनाही हीच अडचण असते. त्यामुळे दोघांनी मिळून सांगितले तर मेसवाला लवकर ऐकतो. पहाटेचा गजर हळू आवाजात लावणे आणि खोलीतल्या जोडीदाराला आधी कल्पना देणे, एवढे केले की पुढे तोच कधीकधी हाक मारून उठवतो.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, त्यामुळे पुढची काही वर्षे तो दुसऱ्या सत्राच्या तासांत आणि प्रात्यक्षिकांत येणार आहे. तरावीहनंतर उशिरापर्यंत जागून पुन्हा पहाटे उठणाऱ्याने दुपारी थोडी झोप घ्यावी आणि अवघड विषय सहरीनंतरच्या शांत तासांत उरकावा. ईदच्या आसपास अंतर्गत चाचणी असेल तर शिक्षकांना आधीच सांगावे. चाचणी चुकल्यावर सांगून उपयोग होत नाही.

पहिले सत्र

गळती होते ती पहिल्या चार महिन्यांत. वर्गात इंग्रजी चालते, शेजारचा मुलगा फाडफाड बोलतो आणि मागच्या बाकावर बसलेल्याला वाटते की आपले इथे काम नाही. तास संपल्यावर शिक्षकांना मराठीत शंका विचारता येते. कला आणि सामाजिक शास्त्रांच्या कुठल्या विषयांची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, तेही विचारून घ्यावे. रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचणारा मुलगा सत्र संपेपर्यंत बराच पुढे गेलेला असतो.

हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये. ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढावे. गणेशखिंडीतले मोठे ग्रंथालय पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाने ओळखले जाते. तिथल्या वाचनकक्षात रोज ठरल्या वेळी बसणाऱ्यांच्या ओळखी आपोआप होतात आणि पुढे नोट्सची देवाणघेवाणही होते. गुण अनपेक्षितपणे कमी पडले तर उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, पण त्याची मुदत थोडी असते. रॅगिंग झाले तर सोसू नये. १८००-१८०-५५२२ हा मदत क्रमांक त्यासाठीच आहे. झोप उडाली, जेवण जाईना, घरी सांगवेना, असे होऊ लागले तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करता येतो. मदत मागण्यात लाज कसली?

घरच्यांनी काय करावे?

मुलीला शहरात पाठवताना अम्मी-अब्बांच्या आणि आई-बाबांच्या पोटात सारखाच गोळा येतो. तो खोटा नाही. पण नकार देण्याआधी एकदा स्वतः जाऊन यावे. वसतिगृह पाहावे, अधीक्षिकेशी बोलावे, गेट बंद होण्याची वेळ विचारावी. तक्रार आली तर अंतर्गत तक्रार समिती कुठे असते, तेही विचारावे. आधीपासून तिथे शिकणाऱ्या मुलींशी दहा मिनिटे बोलले, तरी निम्म्या शंका फिटतात.

या विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. १८४८ मध्ये पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा मुलींना शिकवणे लोकांना पसंत नव्हते. पुढे १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी, नायगावला असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्यामागे कामाचा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्या पत्रात आहे. सावित्रीबाईंनाही कुणाच्या तरी खांद्याचा आधार लागला. मग पहिल्यांदा घर सोडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तो लागला, तर त्यात नवल नाही.

तेव्हा घरच्यांनी फोनवर फक्त 'अभ्यास करतोस ना?' एवढेच विचारू नये. 'जेवलास का, अर्ज भरलास का, कुणाशी ओळख झाली?' हेही विचारावे. आणि ज्या घरातले पोर यंदा जाणार आहे, त्यांनी मागच्या वर्षी गेलेल्या मुलाचे घर गाठावे. ते दोन गल्ल्या पलीकडेच असते, आणि तो ईदच्या सुट्टीला घरी येणारच आहे.