उभ्या गाडीची उतरती बॅटरी

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर सरला की बहुतेक मोटरहोमवाल्यांची भटकंती थांबते. बिछाने, शेगडी, फ्रिज, पाण्याचा पंप असा सगळा संसार घेऊन उन्हाळाभर फिरलेली गाडी मग चार-पाच महिने घरासमोर उभी राहते. मार्चमध्ये किल्ली फिरवावी, तर सेल्फ नुसता टक् करून गप्प! गाडी जागची हलली नाही, मग बॅटरी उतरली कशी?

उभी गाडीही वीज खात असते. चोरीचा अलार्म, ट्रॅकर, रेडिओची मेमरी यांना थोडा थोडा प्रवाह सतत लागतो. सगळ्यांचा मिळून 50 मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला 1.2 अँपिअर-अवर आणि महिन्याला 36 अँपिअर-अवर जातात. या हिशेबाने 95 अँपिअर-अवरची बॅटरी अडीच महिन्यांत रिकामी होते. इंजिन सुरू करण्याइतका जोर तर त्याच्या बराच आधी संपतो.

मोटरहोममध्ये बॅटऱ्या असतात दोन. एक इंजिनाची, दुसरी मागच्या घराची: दिवे, पंप यांच्यासाठी. नेमकी इथेच गफलत होते. घराच्या प्लगमधून गाडीला 230 व्होल्टची वायर जोडली की मालक निर्धास्त होतो. पण अनेक गाड्यांमधला चार्जर फक्त घराची बॅटरी भरतो. इंजिनाची तशीच उतरत राहते. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये एक छोटं उपकरण बसवलं, तर घराची बॅटरी भरल्यावर उरलेली वीज इंजिनाच्या बॅटरीकडे वळते. नाहीतर तिला वेगळा चार्जर लावावा लागतो.

लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि तिची क्षमता कायमची घटते. थंडीत आणखी एक धोका असतो. भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50 अंशांनाही गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत ते उणे 10 अंशांच्या आसपासच गोठू शकतं आणि बॅटरीचं खोकं तडकतं.

आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा उपाय फसवा आहे. थंड इंजिन सुरू करायला जेवढी वीज जाते, तिची नीट भरपाई तेवढ्या वेळात होत नाही. छतावरचं सोलर पॅनेल उन्हाळ्यात पुरतं. पण डिसेंबरात लंडनमध्ये दिवस आठ तासांहून लहान आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर. त्यावर झाडाची सावली पडली, तर विचारायलाच नको.

त्यामुळे भरवशाचा मार्ग उरतो तो स्मार्ट चार्जरचा. तो आधी सुमारे 14.4 व्होल्टपर्यंत नेऊन बॅटरी भरतो, मग 13.6 व्होल्टच्या आसपास उतरून ती भरलेली राखतो. जुना साधा चार्जर मात्र महिनोन्महिने जोडून ठेवू नये; त्याने पाणी आटतं आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो.

लिथियम बॅटरीचे नियम वेगळे. तिला सतत भरलेली ठेवायची गरज नसते. साधारण अर्धी भरून, स्विच बंद करून ती ठेवावी, आणि तापमान शून्याखाली असताना चार्ज करू नये.

लेड-ॲसिडवाल्यांनी महिन्यातून एकदा, चार्जर काढून काही तासांनी, दोन्ही बॅटऱ्यांना मल्टिमीटर लावावा. 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. आकडा 12.4 च्या खाली दिसला, तर त्याच दिवशी चार्जर जोडावा.